तुकडा आणलाय का?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत जुन्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "अर्ध्या इंचाचा एल्बो द्या" (पाइप काटकोनात वळवायचा जोड) म्हटलं की काउंटरवरचा माणूस जागचा हलत नाही. आधी विचारतो कशाला पाहिजे, मग गार पाण्याला का सोलरच्या गरम पाण्याला, मग लाईन जुनी का नवी, आणि शेवटी हमखास, "तुकडा आणलाय का?" म्हणजे जुन्या पाइपचा नमुना. नवीन माणूस वैतागतो. अहो अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच, एका एल्बोसाठी एवढी उलटतपासणी कशाला.

तर त्यात लई भानगड आहे. जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची पाइप जिला आपण अर्धा इंच म्हणतो ती बाहेरून मोजली तर 21 मिमीच्या थोडी वर भरते आणि आतून साधारण 16, आता अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी, म्हणजे त्या पाइपवर अर्धा इंच कुठंच सापडत नाही. नावच तसं पडलंय. यूपीव्हीसीची, म्हणजे गार पाण्याच्या प्लास्टिक पाइपची अर्धा इंच बाहेरून जीआयएवढीच, पण ती गरम पाण्याला चालणारी पिवळसर सीपीव्हीसी येते ना, तिची अर्धा इंच बाहेरून 16 च्या आसपास. तीन पाइपा, तिघींचं नाव एकच, आणि एकीचा एल्बो दुसरीला बसेलच असं नाही. वर सोल्व्हंटचा, म्हणजे जोड चिकटवायचा डबा पण वेगळा, यूपीव्हीसीचा सीपीव्हीसीला लावला तर आज धरल्यासारखं वाटतं आणि नंतर भिंतीला ओल येते. आणि सोलरची लाईन असेल तर यूपीव्हीसी घालायचीच नाही, ती 60 अंशाच्या पुढं मऊ पडायला लागते, सीपीव्हीसीला कंपन्या 93 अंशांपर्यंतचं सांगतात. आमच्या मंगळवार पेठेत निम्म्या गच्च्यांवर सोलर आहेत, भिंतीत जीआय, मधे कधीतरी कुणीतरी जोडलेली सीपीव्हीसी, सगळा खिचडा. म्हणून तो "कशाला पाहिजे" विचारतो. भोचकपणा नसतो तो, त्याला तुमचा दुसरा हेलपाटा दिसत असतो.

मधे पुण्याला गेले होते तेव्हा नणंदेबरोबर एका मोठ्या दुकानात गेले, तसलं एसी, ट्रॉली घेऊन फिरायचं, नळांची अख्खी भिंत. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. प्रत्येक गोष्टीवर किंमत, हातात घेऊन बघता येतं, नळ फिरवून बघता येतो, कुणी "वहिनी, मिस्त्रीला पाठवा की" म्हणत नाही. पण टीशर्टवाल्या मुलाला विचारलं की ह्या डायव्हर्टरला (पाणी नळाला का शॉवरला ते वळवतो तो) मागची जुनी जीआय लाईन चालेल का, तर त्यानं खोका उचलला आणि खोक्यावरचं मला वाचून दाखवलं. मोठ्यानं. तेवढं मला पण वाचता येतंय की बाबा. त्याची काय चूक, परवापर्यंत तो बेडशीटच्या सेक्शनला होता म्हणे.

पण दुकान मोठं झालं की अक्कल जातेच असंही नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेतलं होम डेपो, त्या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव, त्याची पहिली दुकानं 1979 ला अटलांटात निघाली, बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक ह्या दोघांनी काढली, आणि त्यांची सुरुवातीची गंमतच ही होती की गोडाऊनएवढ्या दुकानात नारिंगी एप्रन घालून प्लंबिंगचं, वायरिंगचं काम केलेली माणसं उभी करायची. म्हणजे लक्ष्मीपुरीचं काउंटर, फक्त विमानतळाएवढं! 2000 च्या शेवटी तिथं रॉबर्ट नार्डेली नावाचे साहेब आले, जनरल इलेक्ट्रिकमधनं, त्यांनी खर्च आवळला, फुलटाईमच्या जागी पार्टटाईम माणसं वाढवली, नफा वाढला पण गिऱ्हाईकांच्या समाधानाच्या सर्व्हेत होम डेपो खाली गेलं. जानेवारी 2007 मधे साहेब गेले ते साधारण 21 कोटी डॉलरचं पॅकेज घेऊन. हिशोबाच्या कागदावर प्लंबरचा पगार दिसतो, प्लंबरनं वाचवलेला हेलपाटा दिसत नाही, मग काट मारायला पहिला तोच सापडतो.

ऑस्ट्रेलियातल्या बनिंग्ज ह्या तसल्याच चेनचं तर अजून भारी. त्यांच्या मालकांनी, वेसफार्मर्सनी, 2016 ला इंग्लंडमधली होमबेस ही चेन 34 कोटी पौंडांना घेतली, तिथले जुने मोठे अधिकारी घालवले, ऑस्ट्रेलियात खपतं तसलं दुकान तिथं मांडलं आणि 2018 ला सगळं विकून टाकलं. कितीला? 1 पौंडाला. नाद खुळा. तिथल्या गिऱ्हाईकाला काय लागतं हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनाच आधी घरी पाठवलेलं, दुसरं काय होणार.

आणि आपल्याकडं हे मोठ्या दुकानांचं चालेल का म्हणाल तर चीनचं बघा. होम डेपोनं तिथली उरलेली सातही मोठी दुकानं 2012 मधे बंद केली, कारण तिथली माणसं घरचं काम स्वतः करत नाहीत, माणूस लावून करून घेतात. आपलं तरी काय वेगळं आहे, सामान लिहून देणार मिस्त्री, आणणार मिस्त्री, आपण फक्त पैसे आणि चहा.

आणि इथंच आपल्या छोट्या दुकानांचं दुखणं पण आहे, उगाच त्यांची आरती करत नाही मी. मिस्त्रीचा टक्का ठरलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो तुमच्याच बिलात असतो. फिटिंगच्या लिस्टवर छापलेला भाव एक, त्यावर "लेस", म्हणजे सूट, किती मिळणार हे तुमचं तोंड बघून ठरतं. "पक्कं बिल पाहिजे का?" हा प्रश्न अजून गेलेला नाही. बायकांशी बोलायची तर तऱ्हाच, मी विचारते आणि उत्तर शेजारी उभ्या नवऱ्याला मिळतं, ज्याला स्पॅनर आणि पक्कड यातला फरक सांगायला लागतो. एकदा एका दुकानात मी सरळ म्हणलं, "दादा, विचारलं मी, सांगा पण मलाच." तेव्हापासून तो माणूस माझ्याशी व्यवस्थित बोलतो, उलट आता नवऱ्याला कुणी विचारत नाही.

तरीपण उद्यमनगरात गेलं की माझा सगळा राग जातो. इंजिनं, पंप, फाउंड्रीच्या जिवावर वाढलेला भाग तो, तिथं अख्खं दुकान नुसत्या बेअरिंगचं असतं, शेजारचं नुसत्या मशीनच्या पट्ट्यांचं, त्याच्या पुढचं नुसत्या नट-बोल्टचं. वॉशिंग मशीनचं बेअरिंग घेऊन गेले, नंबर पार गंजून गेलेला, तर दुकानातल्या आजोबांनी चिंधीनं पुसलं, बोटावर फिरवून कानाशी नेलं, व्हर्निअर लावला आणि म्हणाले, "6205". मी म्हणलं कसं काय, तर म्हणाले आतलं भोक 25 भरलं, शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणायचं, 04 ला 20, 05 ला 25, 06 ला 30. "मग 03 ला 15?" "न्हाई, तिथनं खाली नियम मोडतोय, 03 ला 17, 02 ला 15, ते पाठच करायचं." मग मला रबर सीलवालं दिलं, पत्र्याचं झाकण असलेलं त्याच नंबरचं स्वस्त होतं पण म्हणाले पाण्याजवळ ते नको. स्वस्तातलं मी मागितलेलं असताना.

तिथंच एक माणूस जुन्या इंजिनाचा बोल्ट घेऊन आलेला, चार सुती, म्हणजे अर्धा इंच, आठ सुताचा इंच होतो ना. पोऱ्यानं नट दिला, दोन आटे गेला आणि अडकला. आजोबांनी लांबूनच सांगितलं, अरे तो इंग्लिश आट्याचा आहे, तू अमेरिकन दिलास. इंग्लिश व्हिटवर्थला अर्ध्या इंचाच्या बोल्टवर इंचाला 12 आटे, अमेरिकनला 13, एका आट्याचा फरक. पाना घेऊन जोर लावला असता तर बोल्टाचे आटे गेले असते, आणि तसला बोल्ट आता मिळायला मारामार.

आजोबांचा मुलगा दुकानात बसतो का विचारलं तर म्हणाले, बसतोय की, पण त्याचं लक्ष गोकुळ शिरगावच्या कंपन्यांच्या ऑर्डरींवर. बरोबर आहे, एक बेअरिंग विकून दहा मिनिटं शिकवण्यात सुटतं काय. ते ज्ञान आपल्याला फुकट मिळतं म्हणून आपण त्याची किंमत धरत नाही आणि तिथं माहिती घेऊन घरी आल्यावर तीच वस्तू चाळीस रुपये वाचतात म्हणून ऑनलाईन मागवतो. हे मात्र मला पटत नाही. ज्यानं नंबर सांगितला त्याच्याकडनंच घ्यावं.

माझं आता असं ठरलंय की ड्रिल मशीन, शिडी, टूलबॉक्स असलं खोक्यातलं काही असेल तर मोठं दुकान नाहीतर ऑनलाईन, तिथं परत करायची सोय असते आणि भावात फसवाफसवी नाही. पाणी, वीज, आटे, भिंतीतलं काही असेल तर तुकडा पिशवीत घालून लक्ष्मीपुरी.

सध्या स्वयंपाकघरातल्या एका दांडीच्या मिक्सर नळाची कार्ट्रिज, म्हणजे दांडीखालचा पाणी चालू-बंद करणारा भाग, गेलीय. 35 मिमीची आहे का 40 ची तेवढं मोजून घेतलंय, 35 ची आहे, पण खालच्या पिना जरा वेगळ्या जागी आहेत आणि दोन दुकानांत नाही मिळाली. राजारामपुरीकडं कोण ठेवत असेल तर सांगा, तुकडा घेऊन जाते.