पिवळा प्रूफ

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं राहतं घरच कलादालन झालं. आमच्या चित्रकाराच्या नशिबी मात्र एक पत्र्याची ट्रंक आली.

विडीच्या बंडलांची लेबलं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, वह्यांची वेष्टणं, दुकानांच्या पाट्या. धुळ्यात बसून आयुष्यभर हेच केलं त्यांनी. सिंहावलोकनी प्रदर्शन करायचं ठरलं, पण मूळ चित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, झाला की चित्राचं काम संपलं, छापखान्याकडून ते परत कोण मागणार? ट्रंकेत चित्रकार दीनानाथ दलालांच्या 'दीपावली' या नियतकालिकाचे जुने अंक होते. मुखपृष्ठांवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखलेल्या. गुरू कोण, हे वेगळं विचारावं लागलं नाही.

त्याच ट्रंकेत एक फिकट पिवळा कागद सापडला. त्यावर नुसते डाग, आकार असा कुठलाच नाही. आम्ही हरखलो. सुबक माउंट केला, चौकटीत बसवला आणि खाली चिठ्ठी लावली : 'अमूर्ताकडे'. ती चिठ्ठी मीच लिहिली होती.

उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धोतर-टोपीतले एक म्हातारे नाना आले. त्या चौकटीपुढे थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि खुदकन हसले.

"भाऊ, हाई चित्र नई शे. हाऊ पिवळा प्रूफ शे."

तीस वर्षं ट्रेडल, म्हणजे पायाने चालणारं छपाईयंत्र, चालवलेला माणूस. रंगीत छपाईत पहिल्यांदा पिवळा (त्याचाच हा चाचणी छाप), मग लाल, मग निळा आणि सगळ्यात शेवटी काळा. प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा, म्हणजे तोच कागद मशीनमध्ये चार वेळा जाणार. शेवटच्या काळ्या रेघेखाली आधीच्या रंगांची थोडीफार घसर झाकली जाते, म्हणून हा चित्रकार बाह्यरेषा मुद्दाम जाड काढायचा. त्यांच्या शैलीचं वैशिष्ट्य म्हणून त्याच जाड रेषेवर मी अर्धं पान लिहिलं होतं!

मग नाना शेजारच्या विडीच्या लेबलाकडे वळले. त्यातल्या बाईचं कुंकू जरा बाजूला सरकलेलं. आमच्या मते तो खोडकरपणा. नानांच्या मते पावसाळा. हवेतली ओल पिऊन कागद फुगतो आणि दुसऱ्या रंगाला जागेवर बसत नाही. उन्हाळ्यात उलटं, कागद आखडतो. म्हणून मे महिन्यात ते खोलीत ओली गोणपाटं टांगायचे.

मी तिथल्या तिथे चिठ्ठी काढून खिशात घातली. पण पुस्तिका तर छापून आली होती. नानांनी ती डोळ्यांजवळ धरली, 'अमूर्ताकडे'चं पान उघडलं, अंगठ्याने रंग चोळून पाहिला.

"कितल्या छाप्यात?"

"५००, नाना."

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि एक प्रत पिशवीत टाकून घेऊन गेले.