मंगळवेढ्यातलं 'पडीक' रान

सौर प्रकल्पांसाठी पडीक जमिनी शोधायचं आमचं काम निम्मं कॉम्प्युटरवर, निम्मं उन्हात. उतार, रस्ता, ३३ केव्ही वीज उपकेंद्राचं अंतर असे थर नकाशावर एकावर एक टाकायचे, गुण द्यायचे, यादी काढायची आणि गाडी काढायची. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, त्यामुळे मोठा सलग तुकडा दिसला की बरं वाटतं.

असाच एक तुकडा मंगळवेढा तालुक्यात, यादीत अव्वल. उपकेंद्र ५ किलोमीटरच्या आत, जमीन सपाट. ऑगस्टअखेर गेलो तर समोर काळंभोर रान, कुळवाच्या पाळ्या घालून तणाची काडी न ठेवलेलं. बांधावर एक आजोबा होते. म्हटलं, "हे पडीकच ना?"

"पडीक? आवं सायेब, हस्तात ज्वारी पेरायची हाय हितं!"

यादीमागचं उपग्रहचित्र उन्हाळ्यातलं होतं. इथली मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, फेब्रुवारी-मार्चात काढतात. काढणीनंतरचे सहा-सात महिने रान उघडं, वरून बघणाऱ्याला ओसाडच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या ज्वारीचं हे कोठार आणि आमच्या नकाशावर त्याचा रंग पडीकाचा!

शिवाय पहार मारली तर ती लोण्यात गेल्यासारखी आत गेली. वर आली तेव्हा टोकाला काळा चिकट गोळा. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते; पॅनेलचे खांब हलू नयेत म्हणून पाया खोल न्यावा लागतो, खर्च वाढतो. मुरमात ती कटकट नाही.

आम्ही आवरायला लागलो तोवर आजोबांचा मुलगा मोटारसायकलवर आला. त्याला सगळं पाठ होतं: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, सौर प्रकल्पाला दिलेल्या जमिनीचं वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. "ज्वारीत एवढे सुटतात का, तुम्हीच सांगा."

आजोबा म्हणाले, "आन् कडबा कोन देनार? तुझं प्यानल?"

त्या योजनेत खासगी जमीन चालते, हिशेबही पोराचा बरोबर होता. पण आमचं काम फक्त पडीक जमिनींचं. मी शेऱ्यात 'रब्बी लागवडीखाली' लिहिलं आणि पोराला महावितरणच्या कार्यालयात चौकशी करायला सांगितलं.

दुपारी सांगोल्याकडचा मुरमाड माळ पाहिला. तो जमला, फक्त मेंढरांची पाण्याकडे जायची वाट कुंपणाबाहेर ठेवावी लागेल. नकाशावर तीही नव्हती.