चौदा भाग

गुरुवार, रात्र

आज दुपारी आमच्या कार्यकारी निर्मातीचा फोन आला आणि मालिका बंद होत असल्याचे तिने सांगितले. 412 भाग प्रक्षेपित झाले आहेत, आणखी 18 मिळणार आहेत. त्यांतले 4 आधीच चित्रित होऊन प्रक्षेपणाची वाट पाहत पडलेले आहेत, म्हणजे संवाद लिहायला माझ्या हाती 14 उरले. बोलताना तिचा आवाज जड झाला होता. निर्णय तिचा नव्हता, आणि तो नेमका कोणी घेतला हे तिलाही सांगता येत नव्हते.

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात आणि त्या दिवशी सेटवर सगळेच थोडे हळू बोलतात. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी पूर्वापार मे महिन्याच्या सुमारास पुढच्या पर्वाचा निर्णय जाहीर करावा, अशी तिकडची रीत आहे. निदान तिथल्या लेखकाला कोणत्या महिन्याची वाट पाहायची हे ठाऊक असते. आमच्या दैनंदिन मालिकेला पर्वच नसते, त्यामुळे तिचे नूतनीकरण दर गुरुवारी होते आणि ते झाले हे कोणी कळवत नाही. फोन आला नाही, याचा अर्थ पुढचा आठवडा मिळाला. फोन येण्याआधीच्या खुणा मात्र सगळ्यांना ओळखू येतात. आमची रात्री साडेआठची मालिका आधी साडेदहाला गेली, मग दुपारी दीडला, आणि प्रोमो लागायचे थांबले तेव्हा आमच्या मेकअपदादांनी पुढच्या कामासाठी फोन करायला सुरुवात केली होती.

मालिका संपू नये असे मी कधीच म्हणणार नाही. ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले, आणि तेवढा काळ घराघरांत टिकून राहणे ही मोठी गोष्ट आहे. पण प्रत्येक गोष्टीचा जीव तेवढा लांब नसतो आणि आमच्या गोष्टीचा तर नव्हताच. वाईतला एक जुना छापखाना, तो विकू पाहणारे दोन भाऊ आणि तो चालवायला उभी राहिलेली धाकटी सून, एवढाच तिचा ऐवज होता. अडीचशे भागांत ती नीट संपली असती. तेव्हा आकडे चांगले होते म्हणून ती संपवू दिली नाही, सुनेला अपघात झाला, स्मृती गेली, आणि आता आकडे पडले म्हणून 14 भागांत ती संपवायची आहे. माझे दुःख या उलट्या हिशोबाचे आहे. गोष्टीला स्वतःची एक लांबी असते, आणि ती कोणीही कधी विचारत नाही.

शनिवार

घोडबंदर रोडवरच्या बंगल्यात आज चित्रीकरण होते आणि पटकथालेखकाबरोबर बसायचे म्हणून मीही गेले. कलाकारांना काल कळले. थोरल्या सासूबाई करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रींनी मला जवळ बसवून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “बाळ, आता वाहिन्या उरल्या किती?” मी त्यांना वाहिन्यांची नावे मोजून दाखवली, पण त्या मालकांबद्दल विचारत होत्या, हे मला जरा उशिरा लक्षात आले.

तेव्हापासून हा हिशोब डोक्यात चालू आहे. 1999 साली अल्फा मराठी आली, तीच पुढे झी मराठी झाली. 2000 साली हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाने ई टीव्ही मराठी सुरू केली. 2012 मध्ये त्या समूहाच्या प्रादेशिक वाहिन्यांतला हिस्सा नेटवर्क18ने, म्हणजे पुढे रिलायन्सच्या ताब्यात गेलेल्या समूहाने, घ्यायचे ठरवले, आणि मार्च 2015 मध्ये ई टीव्ही मराठीचे नाव बदलून कलर्स मराठी झाले. 2008 मध्ये आलेली स्टार प्रवाह ही माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीची होती. 2019 मध्ये डिस्नेने त्यांचा बराचसा व्यवसाय विकत घेतला, तेव्हा अमेरिकेतल्या बर्बँकमधल्या डिस्नेच्या मुख्यालयाशी आमच्या सातारा-कोल्हापूरच्या वाड्यांतल्या गोष्टी जोडल्या गेल्या. सोनी मराठी 2018 मध्ये आली आणि चेन्नईच्या सन समूहाची सन मराठी 2021 मध्ये. मग 14 नोव्हेंबर 2024 रोजी रिलायन्स आणि डिस्ने यांनी भारतातला आपापला वाहिन्यांचा व्यवसाय एकत्र केला, त्याचे मूल्य 70,352 कोटी रुपये धरले गेले, आणि रात्री आठ वाजता एकमेकींसमोर उभ्या राहणाऱ्या स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका घरच्या झाल्या.

झी आणि सोनी यांचेही लग्न ठरले होते. डिसेंबर 2021 मध्ये करार झाला आणि 22 जानेवारी 2024 रोजी तो मोडला. तो टिकला असता तर आज मराठीतल्या चार मोठ्या मनोरंजन वाहिन्यांचे मालक दोनच असते. प्रेक्षकाला याने फारसा फरक पडत नाही, त्याच्या रिमोटवरची बटणे तेवढीच राहतात. लेखकाला पडतो. पूर्वी एका दारी गोष्ट नाकारली गेली तर ती दुसऱ्या दारी घेऊन जाता येत असे, कारण दुसऱ्या घरच्या लोकांना पहिल्या घराची आवड चुकीची ठरवण्याची हौस असायची. मराठी मालिकांत जे काही वेगळे घडले ते बरेचसे या चुरशीतून घडले, असे मी मनापासून मानते. दोन दारांमागे एकच माणूस उभा असेल, तर दुसरे दार ठोठावायचे कशासाठी?

निर्णय किती दुरून येतात हेही दिसत राहते. 2024 मध्ये ‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व शंभर दिवसांऐवजी 70 दिवसांत, 6 ऑक्टोबरला संपले आणि त्याच रात्री हिंदीचे अठरावे पर्व सुरू झाले. मराठीचे ते पर्व लोक आवडीने पाहत होते. अशा कार्यक्रमांना निदान परत येण्याची सोय असते. ‘चला हवा येऊ द्या’ 2024 मध्ये थांबला आणि पुढच्याच वर्षी नव्या पर्वासह परतला. कथामालिकांत ‘रात्रीस खेळ चाले’ला 2016, 2019 आणि 2021 अशी तीन पर्वे मिळाली, पण तसे भाग्य फार थोड्यांचे. आमच्यासारखी मालिका एकदा गेली की गेली, कारण तिचे हक्क वाहिनीकडे असतात आणि दुसरी वाहिनी इच्छा असूनही तिला उचलून घेऊ शकत नाही. मी पहिल्यांदा संवाद लिहिले त्या मालिकेचे भाग आज मला कुठेही पाहायला मिळत नाहीत. कागद माझ्याकडे आहेत. अभिनेत्रीने त्या कागदांचे काय केले होते, ते फक्त आठवणीत आहे.

मंगळवार, पहाट

बारा भाग पाठवून झाले. सुनेची स्मृती परत आली, धाकट्या भावाने सही करायचे नाकारले, छापखान्याच्या शटरवर नवी पाटी लागली. वनलाइनमध्ये, म्हणजे प्रवेशांच्या थोडक्यात आराखड्यात, जेवढे बसवता आले तेवढे पटकथालेखकाने बसवले आणि त्याच्यावर माझा राग नाही.

प्रभाआत्या मात्र कुठेच बसत नाही. भाग 37 मध्ये ती घर सोडून गेली. तिच्या वाट्याचा छापखाना भावांनी तिला विचारल्याविना गहाण ठेवला होता, आणि जाताना ती म्हणाली होती की या घरातून मला छापील निमंत्रणपत्रिका येईल तेव्हाच मी उंबरठा ओलांडेन. त्यानंतर नांदेडच्या एका बाईंनी वाहिनीच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र माझ्यापर्यंत आले होते. त्यांनी लिहिले होते की आत्या परत येईल त्या दिवशी मला आधी कळवा, मी त्या दिवशी शाळेतून लवकर घरी येईन. मी उत्तरात कळवेन असे लिहिले होते. शेवटच्या 14 भागांच्या वेळापत्रकात आत्याच्या अभिनेत्रीचा एकही दिवस नाही, आणि नवा दिवस मागितला तर त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न निर्मातीने मला अगदी हळुवारपणे विचारला.

म्हणून आज रात्री भाग 430 मध्ये मी एक प्रवेश घातला आहे. त्याला नवा कलाकार लागत नाही, नवी जागाही लागत नाही. छापखान्यात यंत्र सुरू होते, पहिली पत्रिका बाहेर येते, सून ती उचलते, शाई वाळेपर्यंत हातात धरून उभी राहते आणि पाकिटावर पत्ता लिहू लागते. मोठा भाऊ विचारतो, “पहिली कोणाला?” ती मान वर न करता म्हणते, “आत्यांना.”

प्रवेश पाऊण मिनिटाचा आहे. संकलनात तो राहील की नाही हे माझ्या हाती नाही, म्हणून मेलमध्ये निर्मातीला दोन ओळी वेगळ्या लिहिल्या आणि तो काढू नये अशी विनंती केली. आता पावणेचार झाले आहेत. नांदेडच्या बाईंचे पत्र टेबलावर काढून ठेवले आहे; त्यांना प्रक्षेपणाची तारीख कळवायची आहे, आणि वेळही, कारण आम्ही आता दुपारी दीडला असतो.