आजोबांचं महायुद्धातलं लष्करी रेकॉर्ड काढताना : माझा अनुभव

माझे आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि उजव्या खांद्यात गोळी खाऊन परत आले. आत्याला एकच गोष्ट कागदावर बघायची होती, बाबांना गोळी नेमकी कुठे लागली. म्हणून त्यांच्या शीट रोलची (सैनिकाच्या नोकरीच्या नोंदींच्या कागदाची) माहिती काढायच्या मागे लागलो. मिळाली शेवटी, पण पुण्यातल्या एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही) इतका वेळ खाल्ला की राग अजून गेलेला नाही. निदान दुसऱ्या कुणाचा तरी वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

रेजिमेंटचं सेंटर बेळगावला. काय काय लागेल ते फोनवर नीट सांगितलं त्यांनी: रेजिमेंटल नंबर, नाव, बटालियन आणि आपण वारस असल्याचा पुरावा. आता नंबर आणायचा कुठून, कारण आजोबांचं डिस्चार्ज बुक १९६१ च्या पानशेतच्या पुरात नारायण पेठेतल्या खोलीबरोबर गेलेलं. वाचली ती फक्त मेडलं, तीही आजीने ट्रंकेत वरच्या फळीवर ठेवली होती म्हणून. त्यात इटली स्टार आहे, लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल रिबनची. ती सहा टोकांची चांदणी उलटी केली, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, तर काळ्या पडलेल्या धातूवर बारीक अक्षरं दिसली: नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट. ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धातले स्टार बिननावाचेच मिळाले, आपल्या सैनिकांच्या मेडलवर मात्र नाव-नंबर ठोकलेला असतो. तेव्हा घरात मेडल असेल तर आधी मागची बाजू बघा, आणि कृपा करून ब्रासोने घासू नका, अक्षरंच जातील.

नंबर मिळाला म्हणजे काम झालं असं वाटलं होतं. पण वारसाची कागदपत्रं पुण्यातून पडताळून पुढे जायची होती आणि तिथे गाडी अडकली ती अडकलीच. मेडलवर नाव बंडू. सातबारा, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, सगळीकडे पांडुरंग. आमच्या सातारा भागात हे घरोघरी आहे, लहानपणी हाक मारायचे तेच नाव पोरगं भरतीच्या रांगेत सांगायचं आणि तेच लिहिलं जायचं. टेबलावरच्या बाईंनी कागद बघितले आणि म्हणाल्या, "ही दोन वेगळी माणसं आहेत." मी म्हणलं मॅडम, वडिलांचं नाव एक, गाव एक, आडनाव एक. "ते बरोबर आहे हो, पण नावात तफावत आहे ना." मग प्रतिज्ञापत्र आणा म्हणाल्या, आणलं. मग त्यात आत्याची सही पाहिजे म्हणाले, आत्याला हडपसरहून रिक्षाने आणलं, तिला जिने चढवत नाहीत, तर साहेब मीटिंगला. पुढच्या वेळी साहेब होते तर बाई रजेवर, आणि फाईल बाईंच्या कपाटात, कपाटाची चावी बाईंकडे. त्यानंतर बाईंची बदली. नवीन आलेले गृहस्थ म्हणाले तुमचा अर्ज आमच्याकडे आलाच नाही.

इथे एक सांगतो. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझ्याकडे शिक्क्याची प्रत होती म्हणूनच ते "आलाच नाही" तिथल्या तिथे मागे घ्यावं लागलं.

बाहेरच्या बाकावर बसून बसून मला सगळ्यात कशाचा संताप यायचा तर, एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला बोटीत घालून समुद्रापार पाठवताना त्याचं नाव कुणी तपासलं नाही. बंडू सांगितलं, बंडू लिहिलं, घे रायफल. आणि ऐंशी वर्षांनी त्याच्या मुलीला बापाची जखम बघायचीये तर पांडुरंग सिद्ध करा. आत्या तिथे काही बोलली नाही, पण परतताना रिक्षात म्हणाली, "जाऊ दे रे, नको आता." मग तर मी सोडणारच नव्हतो.

सुटलं कशाने, तर जुन्या फेरफाराने. पणजोबा गेल्यावर वारसनोंद झाली होती, त्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढली आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं, "पांडुरंग ऊर्फ बंडू". त्या एका 'ऊर्फ'साठी माझं एवढं सगळं अडलं होतं. तुमच्याकडे असा घोळ असेल तर प्रतिज्ञापत्राच्या आधी फेरफार शोधा, नाहीतर गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. त्याच सुमारास माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारली होती. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी हा अर्ज ऑनलाईन करता येतो, फी १० रुपये, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फेरफाराने काम झालं का या अर्जाने ते नक्की सांगता येणार नाही, पण दोन्ही पोचल्यावर फाईल हलली. तुम्ही दोन्ही एकदमच करा.

पुढचं सगळं पटकन झालं. बेळगावच्या उत्तरात भरतीची तारीख, बोटीने गेल्याची नोंद, आणि एक ओळ: एप्रिल १९४५, गोळीची जखम, उजवा खांदा, इटली. तारीख बघितल्यावर लक्षात आलं, ही सेनिओ नदीची लढाई. पहिली बटालियन आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती आणि ९ एप्रिल १९४५ ला या डिव्हिजनने सेनिओ ओलांडली. आधी दुपारी ८०० हून जास्त अवजड बाँबर विमानांनी पलीकडचा भाग भाजून काढला, मग तोफा, आणि संध्याकाळी पायदळ. आजोबा फक्त "बांध" म्हणायचे, आम्हाला लहानपणी शेताचा बांध वाटायचा. ते पुराचं पाणी अडवायचे दुमजली घराएवढे उंच मातीचे बांध होते, जर्मनांनी ते आतून पोखरून त्यात मशीनगना बसवल्या होत्या, आणि भोवती सुरुंग. याच बटालियनचे नामदेव जाधव त्या संध्याकाळी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून घेऊन आले, मग मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ मध्ये पुण्यातच वारले. आमचे आजोबा त्याच बांधावर होते हे आम्हाला माहीत नव्हतं. आत्याने ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि म्हणाली, बाबा थंडीत तो खांदा शेकायचे ना, मी विटकर तापवून द्यायची.

आणखी एक राहिलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर फक्त युद्धात गेलेल्यांची नावं आहेत, जिवंत परत आलेल्या माणसाचं नाव तिथे मिळत नाही, त्यावर वेळ घालवू नका. आणि लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काईव्हजमध्ये बटालियनच्या वॉर डायऱ्या (युद्धातल्या रोजच्या नोंदी) आहेत, पण त्यात नावं बहुतेक अफसरांची, शिपायांची क्वचितच. मात्र घरातलं कुणी परत आलं नसेल तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साईट जरूर बघा. आपल्या हिंदू सैनिकांना अग्नी दिला जायचा, त्यामुळे कबर नसते, नाव क्रिमेशन मेमोरियलवर असतं. आजोबांबरोबर गावातला एक जोडीदार गेला होता, तो आलाच नाही, त्याचं नाव इटलीतल्या फोर्लीच्या मेमोरियलवर सापडलं, खाली वडिलांचं नाव आणि आमचं गाव. त्याच्या पुतण्याला पान पाठवलं, त्यांना आजवर फक्त "तिकडे गेला" एवढंच ठाऊक होतं. शोधताना नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका, इंग्रजांनी वाटेल तशी लिहिलीत. रेजिमेंट टाका, 'मराठा'चं जुनं इंग्रजी स्पेलिंग Mahratta असं वापरून, आणि मग वडिलांचं नाव आणि गाव बघत एकेक पान चाळा.