वर्षाची चटणी : पैसे कुठे वाचतात, कुठे वाया जातात

पाकिटातली चटणी, म्हणजे लाल तिखट किंवा कांदा-लसूण मसाला, महिन्याला घेण्यापेक्षा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, नवी मिरची आल्यावर कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातून मिरची घाऊक घ्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. ब्याडगी निम्मीच पुरे.

भाव विचारण्याआधी मिरची मोडून बघा. कडकन मोडली तर घ्या. वाकली तर ओल आहे. तुम्ही पाण्याचे पैसे देताय, आणि पुढे बुरशी ठरलेली. देठ काढलेली आणि देठासकट मिरची यांचे भाव नुसते शेजारी ठेवून तुलना करू नका, देठांचं वजन फुकट जातं. घरी आणून दोन-तीन कडक उन्हं दाखवा, मगच डंकावर (मिरची कुटायच्या गिरणीत) न्या.

खरं नुकसान होतं ते सगळी कांदा-लसूण चटणी एकदम करून ठेवण्यात. खोबरं खवट होतं, कांद्यात ओल राहते. त्यापेक्षा कोरडं तिखट वर्षाचं करा आणि दर दोन महिन्यांनी पाव किलो तिखटाला पाव किलो कांदा, सोललेला लसूण आणि सुकं खोबरं प्रत्येकी सत्तर ग्रॅम घ्या. कांदा उभा चिरून, उन्हात सुकवून, तेलात कुरकुरीत तळा. खोबरं वेगळं भाजा. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मीठ घालून कुटा. तिखटाच्या बरणीत तळाशी आणि वर हिंगाचे खडे टाका, चमचा कायम कोरडा.