आवाज बसल्यानंतरची वारी

माउलींचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते आणि त्याच सुमारास शाळेचे वर्षही नुकतेच सुरू झालेले असते, त्यामुळे नोकरीच्या इतक्या वर्षांत पायी वारी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. गेल्या वर्षी रजा सहज मिळाली, कारण माझ्याकडे आता वर्ग नव्हता. थायरॉइडची गाठ काढल्यावर माझा आवाज बसला तो उठलाच नाही. या ग्रंथीला अगदी लागून स्वरयंत्राकडे जाणारी नस असते आणि शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते, हे मला आधीच समजावून सांगितले होते. माझा डावा स्वरतंतू हलत नाही. दोन्ही तंतू पूर्ण मिटत नाहीत, मधल्या फटीतून श्वास निसटतो, आणि चार शब्द बोलले की पाचव्याला दम उरत नाही. पाणी घाईने प्याले की ठसका लागतो.

हे शरीराचे झाले. त्याची सवय होते. मला सवय होत नव्हती ती वेगळ्याच गोष्टीची. प्रार्थनेच्या वेळी माईक बंद पडला तर पटांगणाच्या टोकापर्यंत ज्यांचा आवाज पोहोचतो त्या बाई, आणि गुरुवारच्या भजनात चाल धरणारी बाई, अशीच माझी ओळख होती. लोकांनी ती दिली होती आणि मीही ती मनोमन घट्ट धरून बसले होते. शाळेने समजूतदारपणे मला ग्रंथालय दिले. तिथे पुस्तकांवर क्रमांक घालताना कोणी नवीन पालक आले आणि काय शिकवता असे विचारले, तर मी कागदावर लिहून देई, ‘पूर्वी मराठी शिकवत असे.’ ते ‘पूर्वी’ लिहिताना हात जड होई.

रथामागच्या एका दिंडीत भिशी, म्हणजे वाटेवरच्या जेवणखर्चाची वर्गणी, भरली. नाव दोनदा सांगूनही गर्दीत ऐकू गेले नाही, तेव्हा व्यवस्थापकांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि मी स्वतःच ते लिहिले. पुढे ते नाव कोणी वापरले नाही; तिथे सगळेच माउली.

सुरुवातीचे दिवस मला फार त्रासाचे गेले. वारी म्हणजे अखंड गाणे, हे घरी बसून कितीही माहीत असले तरी पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत भोवती सगळे गात असताना आपल्या तोंडून नुसता वारा निघणे म्हणजे काय, ते तिथेच कळते. शेजारच्या बायका प्रेमाने म्हणत, “माउली, म्हणा की,” आणि मला त्यांचा राग येई. एकादशीचा उपवास, पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा आणि दिवे घाट हे एकाच दिवशी आले, आणि घाटात मला आठवतात त्या मुख्यतः वाटेत आडवे येऊन फोटो काढणाऱ्यांच्या पाठी. जेजुरीला भंडारा उधळला गेला; पुढचे दोन मुक्काम अंगावरची हळद निघाली नाही. टँकरपुढे हंडे-कळशांची रांग, राहुटीत अंथरुणाच्या जागेवरून होणारी कुरबूर, ओले लुगडे वाळत नाही म्हणून तसेच नेसून निघणे, यांत माझी भक्ती किती होती हे मी सांगू शकणार नाही. शिवाय हरिपाठाच्या वेळी मागच्या ओळीतून एक बाईचा आवाज येत असे, खणखणीत, पण प्रत्येक चरणाला अर्धी मात्रा मागे. माझा कान वर्षानुवर्षे लयीवर तयार झालेला. तो आवाज पायात काटा रुतावा तसा टोचत राही. वळून पाहावे, असेही मला वाटले नाही.

वाल्ह्याच्या तळावरची समाज आरती मात्र माझ्या लक्षात आहे. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहिल्या, टाळांचा कल्लोळ चालू होता, आणि चोपदारांनी चोप उंचावून पुकारा केला तसा तो सगळा आवाज एका क्षणात थांबला. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. ज्यांची तक्रार असते ते टाळ थांबवत नाहीत, ही तिथली रीत. चोपदार त्यांच्याकडे गेले, गाऱ्हाणे ऐकून घेतले, आणि मग ती दिंडीही शांत झाली. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू सांगितल्या गेल्या, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली गेली, आरती झाली. मी राहुटीकडे परतताना मला रडू आले. आवाज गेल्यापासून घरी, शाळेत, दवाखान्यात मी सगळ्यांना ‘ठीक आहे’ असेच खुणेने सांगत आले होते. कोणी माझ्याजवळ येऊन ऐकावे इतका वेळ मी माझे गाऱ्हाणे वाजतच ठेवले नव्हते.

नीरास्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, फलटण हे सगळे झाले. त्यांचा क्रम मला आता नीट लावता येत नाही, पण बरड ते नातेपुते ही दुपार मला पावलापावलाने आठवते. पावसाने दडी मारली होती. रुंद केलेल्या रस्त्यावर सावलीला झाड मिळत नव्हते. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला, त्याच्या आधीपासूनच उजव्या टाचेला फोड आला होता. तो चपलेच्या पट्ट्याखाली सारखा घासत होता. वेदना पोटरीतून वर चढत होती आणि मी पायाची कड टेकवून चालत होते, त्यामुळे गुडघाही दुखू लागला. दिंडी पुढे निघून गेली, दुसरी आली, तीही गेली. शेवटी एका पानटपरीच्या ओट्यावर मी बसले.

थोड्या वेळाने एक म्हातारी बाई समोर येऊन उभी राहिली, डोक्यावर तुळस, काखेत पिशवी. “पाय दाखव माय,” एवढेच म्हणाली, पण इतक्या मोठ्याने की टपरीवाल्यानेही मान वर केली. तुळस ओट्यावर अलगद ठेवून ती खाली मांडी घालून बसली आणि माझी टाच तिने सरळ आपल्या मांडीवर घेतली. मी पाय मागे ओढू लागले, तर तिने घोटा घट्ट धरला. पिशवीतून सुई निघाली, पांढरा दोरा निघाला, खोबरेल तेलाची चपटी बाटली निघाली. दोरा तेलात बुडवून तिने सुई फोडाच्या एका कडेने आत घातली आणि दुसऱ्या कडेने बाहेर काढली. दोऱ्याची दोन्ही टोके बोटबोटभर ठेवून तोडली. कातडी तिने सोलली नाही. “धागा राहू दे आत. पाणी आपसूक निघतं. उपटू नको.” त्या दोऱ्याच्या टोकावरून पाण्याचा थेंब खाली उतरताना मी पाहत होते आणि वेदना खरोखरच हलकी होत होती. आपल्या पदराची कड फाडून तिने टाचेला बांधली.

मी माझ्या त्या फुटक्या आवाजात म्हटले, “मावशी, मला मोठ्याने बोलता येत नाही.” ती माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होती. “मोठ्यानं कशाला? मला कानानं तसंबी येत नाही. तोंडाकडं बघूनच समजतं.” परभणीकडची, जिंतूरजवळच्या एका खेड्यातली होती ती. पंधरावीस वर्षे वारी करते आहे, कान हळूहळू गेले, तरी हरिपाठ सोडला नाही. टाळकऱ्यांच्या हातांकडे पाहते आणि हात खाली आला की चरण उचलते.

मागच्या ओळीतला आवाज तिचा होता. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि काय बोलावे ते मला सुचेना. माझ्या गळ्याबद्दल तिने एक अक्षर विचारले नाही, तिला त्याचे नवलही वाटले नाही. ती म्हणाली, “चल, अंधार पडायच्या आत गाठू.” नातेपुत्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. खरे सांगायचे तर त्या वाटेवरही तिच्या अखंड, मोठ्या आवाजातल्या बोलण्याने माझे डोके उठले, आणि रात्री राहुटीत तिने आपली वळकटी माझ्या अंथरुणावर अर्धी पसरली तेव्हा मी धुसफुसलेही.

दुसऱ्या दिवशी तिने एका टाळकऱ्याकडून टाळांचा जोड आणला आणि माझ्या हातात दिला. टाळ मी आजवर घेतला नव्हता. आमच्या मंडळात तो न गाणाऱ्यांनी घ्यायचा, अशी माझी समजूत होती. ती माझ्या शेजारी सरकली आणि हरिपाठ सुरू झाल्यावर समोरच्या टाळकऱ्यांऐवजी माझ्या हातांकडे पाहू लागली. मी टाळ जरासा आधी उचलू लागले, म्हणजे तिला दिसायला वेळ मिळावा. दोन-तीन अभंगांत ते जमले. तिचा चरण समेवर आला. दिंडीत कोणाला काही कळले नसेल, पण माझ्या अंगावर शहारा आला. शब्द तिचे होते, लय माझी होती, आणि गाणे सबंध होते.

पुढचे सगळे दिवस आम्ही असेच चाललो. सदाशिवनगरच्या गोल रिंगणात अश्व धावला तो मला गर्दीत दिसला नाही. वाखरी आली, पंढरी आली. दर्शनाची रांग पाहून आम्ही कळसाचे दर्शन घेतले, आणि ती चंद्रभागेच्या वाळवंटातून आपल्या गावच्या माणसांबरोबर निघून गेली.

परत आल्यावर मी मुख्याध्यापकांना पत्र लिहून एक वर्ग मागितला. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानामागे अडकवायचा माईक डॉक्टरांनी पूर्वीच सुचवला होता आणि मी तो कपाटात तसाच ठेवून दिला होता, कारण तो लावणारी बाई मला मी वाटत नव्हती. आता नववीच्या तासाला तो लावते. वाक्ये लहान करते, कविता मुलांकडून वाचून घेते, आणि कोण कुठे अडखळते हे पूर्वीपेक्षा जास्त ऐकते.

गुरुवारच्या भजनात चाल दुसरी जण धरते. ती चांगली गाते. तरीही एखादी जागा ती सरळ सोडून देते, तेव्हा ती मी कशी घेतली असती हे माझ्या घशाशी येऊन थांबते आणि वाईट वाटते. ते वाटणे जाईल असे मला दिसत नाही आणि ते जावे म्हणून मी आता काही करतही नाही. टाळ घेऊन तिच्या शेजारी बसते आणि ती पुढचे कडवे उचलते तेव्हा तिला लय देते.