स्केल तीन ते चार : बढती अडते ती एपीएआरमध्ये

सरकारी बँकेत वर चढायचं म्हणजे लेखी परीक्षा, सीएआयआयबी (बँक कर्मचाऱ्यांची व्यावसायिक परीक्षा) आणि मुलाखत, असं सगळे सांगतात. ते खरंच, पण तिथे कुणी फारसं अडत नाही. माझी बढती अडली ती एपीएआरमध्ये, म्हणजे वार्षिक मूल्यांकनात. बाळंतपणाची रजा ज्या वर्षात येते त्या वर्षाच्या एपीएआरवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मुख्य व्यवस्थापक, म्हणजे अधिकाऱ्यांच्या श्रेणींतल्या स्केल चारसाठी, मागच्या काही वर्षांच्या गुणांची सरासरी धरतात. एक वर्ष पडलं की ते पुढची काही वर्षं बढतीच्या वेळी आडवं येतं.

गोची अशी होते. एप्रिलमध्ये बारा महिन्यांचं टार्गेट पडतं, समजा गृहकर्जाचं ६ कोटी. तुम्ही २६ आठवडे रजेवर. उरलेल्या सहा महिन्यांत ३.५ कोटी केलेत, तर एचआरएमएस, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली, दाखवणार ५८ टक्के. हजर काळाचं टार्गेट ३ कोटी धरलं तर तेच काम ११६ टक्क्यांच्या वर जातं. हा भागाकार कुणी आपणहून करत नाही. विचारायला गेलं की वरच्या कार्यालयाचं ठरलेलं उत्तर : "मॅडम, सिस्टीममध्ये तशी सोय नाही." रजा मंजूर करायला मात्र सिस्टीममध्ये सोय असते!

म्हणून रजेवर जाण्याआधीच रिपोर्टिंग ऑफिसरला मेल टाका. त्या तारखेची कासा ठेव (चालू आणि बचत खात्यांतली), कर्जबाकी, एनपीए (थकीत कर्जं), वसुली असे सगळे आकडे त्यात द्या आणि टार्गेट हजर काळापुरतं करावं अशी लेखी मागणी करा. तोंडी "बघू" ला काही अर्थ नाही. साहेबांची बदली होते आणि नव्या साहेबांना तुमचं काम ठाऊकच नसतं. जुन्या साहेबांच्या हाताखाली तीन महिने भरले असतील, तर तेवढ्या काळाचा वेगळा अहवाल त्यांच्याकडूनच लिहून घ्या. स्व-मूल्यांकनाच्या पहिल्याच ओळीत रजेच्या तारखा आणि मंजुरी आदेशाचा क्रमांक हवा.

गुण उघड झाले की हरकतीची मुदत सुरू होते. बऱ्याच ठिकाणी ती जेमतेम १५ दिवसांची असते. नुसते प्रतिकूल शेरेच नव्हे, तर प्रत्येक श्रेणी कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सांगितलं आहे. हरकत एका पानाची ठेवा : टार्गेट, हजर महिने, प्रत्यक्ष काम, टक्केवारी. "अन्याय", "भेदभाव" हे शब्द कितीही ओठांवर आले तरी गिळा. ते वाचले की साहेब लोक बचावाच्या पवित्र्यात जातात आणि आकडे बाजूलाच राहतात.

दुसरी खोच गोड असते. "मॅडम, घरदार सांभाळून झेपेल असं टेबल देतो." म्हणजे प्रशिक्षण केंद्र, एचआर, नाहीतर राजभाषा विभाग. पुढे मुलाखतीत विचारतात, शाखा किती वर्षं सांभाळलीत? कर्ज प्रस्ताव किती केलेत? स्केल दोन-तीनमध्येच शाखाप्रमुखपद लेखी मागून घ्या, छोट्या गावातली शाखा का असेना. कॅश क्रेडिटचं (व्यवसायाच्या खेळत्या कर्जाचं) नूतनीकरण, स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती रक्कम उचलता येईल ते काढणं, एसएमए खाती (हप्ते थकू लागलेली) ९० दिवसांच्या आत, एनपीए होण्याआधी, रुळावर आणणं हे स्वतः केलेलं असलं की मुलाखतीत अडखळायला होत नाही.

बदलीचं म्हणाल तर नवरा असेल त्या गावाजवळ, किंवा अविवाहित असाल तर आईवडिलांच्या गावाजवळ, शक्यतो नेमणूक द्यावी अशा अर्थ मंत्रालयाच्या सूचना २०१४ पासून आहेत. अर्ज निकालाआधीच द्या, नवऱ्याच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र जोडून. ऑर्डर निघाल्यावर ती फिरवणं महाकठीण. आणि बदलीच्या धास्तीने बढती नाकारण्याआधी आपल्या बँकेचं धोरण वाचा. नकार दिल्यावर पुन्हा कधी बसता येईल ते त्यातच लिहिलेलं असतं.

हो, एक राहिलंच. एपीएआर उघड झाला की त्याच दिवशी प्रिंट काढून फाइलला लावा.